झिंग्याचं पाणी

प्रल्हाद,

तुझ्या तेरवीला अर्धं गाव घरून पाणी घेऊन आलं. कोणाच्या हातात तांब्या, कोणाच्या पिशवीत बाटली, एकानं तर शेतावर न्यायचा मोठा कॅन खांद्यावर टाकून आणला होता. पंगतीला मांडीला मांडी लावून बसले आणि प्रत्येकानं आपलं पाणी आपल्या पत्रावळीशेजारी मांडून ठेवलं. या गावात मी म्हातारी झाले, पण असली पंगत पाहिली नव्हती. तू असतास तर हसून हसून तुला ठसका लागला असता. मी तेव्हा हसले नाही, कारण सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. आता लिहिताना हसते आहे.

तुझ्या कॉलेजचे लोक तुझ्यावर एक लहानसं पुस्तक काढताहेत. मला म्हणाले, सरांना तुम्ही लहानपणापासून पाहिलं, चार ओळी द्या. तू कुठं शिकलास, कोणत्या पदव्या घेतल्यास, किती पोरं तुझ्या हाताखालून गेली, ते सगळं ते लिहितीलच. मी चौथी शिकलेली. मला तसलं लिहिता येत नाही आणि लिहायचंही नाही. आपलं भांडण अर्धवट टाकून तू निघून गेलास, ते मला पुढं चालवायचं आहे. त्यांना छापायचं तर छापू देत.

मी या घरात नवरी होऊन आले तेव्हा तुला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती. सासूबाई दिवसभर मळ्यात, वांग्याच्या नाहीतर मेथीच्या वाफ्यात, म्हणून तुला न्हाऊमाखू मी घातलं. लोकांपुढं मी तुला भाऊजी म्हणायची, घरात प्रल्हाद, आणि रागात असले की पल्ल्या. तू प्रोफेसर झालास तरी रागातलं नाव बदललं नाही. एकदा तुझे विद्यार्थी ओट्यावर बसले होते आणि मी आतून "पल्ल्या, चहा थंडा होऊन राह्यला" अशी हाक मारली. पोरं खाली बघायला लागली. तू म्हणालास, "ह्या माझ्या प्रिन्सिपल." पोरं खरंच उठून माझ्या पाया पडली.

तुझे भाऊ, माझे मालक, गेले तेव्हा भावकीतले लोक वाटणीची भाषा बोलायला लागले होते. तू चिखलीहून आलास, अंगणात उभा राहिलास आणि म्हणालास, "वावर वहिनी पाह्यते, वहिनीच पाहीन." एवढंच बोललास आणि परतीच्या गाडीला निघून गेलास. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आता म्हणते. बरं केलंस.

रिटायर होऊन तू गावी परत आलास. तुझी बायको कमल आधीच गेली होती, लेक सुनंदा लग्न होऊन अकोल्याला. लोकांना वाटलं, आता हा ओट्यावर पेपर वाचत बसेल. तू काचेच्या बाटल्या घेऊन विहिरीवर गेलास. पाण्याचं वेड तुला सासुरवाडीनं लावलं होतं. कमलच्या माहेरी, वरवट बकालला, खाऱ्या पाण्यानं चांगली चांगली माणसं झिजताना तू पाहिली होतीस. पण आपलं पाणी गोड. मी म्हटलं, आपल्या विहिरीत काय शोधतोस? तू बाटल्या चिखलीला कॉलेजात नेल्यास, मशीनवर लावल्यास आणि परत येऊन चुलीपाशी बसलास.

"वहिनी, आपल्या विहिरीत शिसं हाये."

"कोन्या मेल्यानं टाकलं?"

"ते पत्र्याचं शेड आठवते का, नाल्यावरचं?"

आठवत होतं. परगावचा एक माणूस तिथं जुन्या बॅटऱ्या फोडायचा, आतलं शिसं वितळवून वड्या पाडायचा आणि तेजाबाचं पाणी नाल्यात सोडून द्यायचा. चार घरांना रोजी मिळत होती म्हणून कोणी बोललं नाही. मग तो शेड उचलून गेला. आपल्याला वाटलं, पीडा गेली. शेड गेलं, शिसं जमिनीत मुरून विहिरीत उतरलं. नळालाही तेच पाणी. रंग नाही, वास नाही, चव नाही. तू गावाला सांगायला गेलास तर लोक पेल्यात बघून म्हणाले, कुठं आहे?

पाणी गाळायचा पहिला पडदा तू माझ्या ओसरीत केलास. पांढरट भुकटी व्हिनेगरच्या पाण्यात भिजवलीस, त्यात कापसाचा लगदा घातलास आणि घोटत बसलास. कुरडईच्या चिकासारखं दाट झालं तेव्हा खिडकीची काच धरायला मला बोलावलंस, कारण तुझा हात थरथरायचा आणि माझा थरथरत नाही.

काच धरून मी विचारलं, "कायची भुकटी व्हय हे?"

"झिंग्याच्या कवचाची."

"झिंगे? समुद्रातले?"

"हाव. कारखान्यात झिंगे सोलतात, कवचं उकिरड्यावर जातात. त्यातूनच काढतात हे."

काच माझ्या हातात आणि तुळशीची माळ माझ्या गळ्यात. तू ओतायचा थांबलास.

"पटत नसन तर ठेव खाली. मी दुसऱ्या कोनाले बोलावतो."

"दुसऱ्या कोनाचा हात सरळ हाये या घरात? वत तू."

तू ओतलंस. पडदा सावलीत वाळला, मग कॉस्टिकच्या पाण्यात बुडवल्यावर दुधावरच्या साईसारखा काचेवरून सुटला. मी विचारलं, हा असाच लावायचा का. तू म्हणालास, नुसतं कवच शिशाला धरतं, पण पकड ढिली असते. त्याला गंधक जोडलं की पकड घट्ट होते. आणि पाण्यात पडदा विरघळू नये म्हणून आतल्या धाग्यांना धाग्यांची गाठ मारावी लागते. मग पाणी जातं, पाण्यातलं चांगलं तेही जातं, शिसं मात्र अडकून बसतं. एवढं मला कळलं. बाकीचं तू वहीच्या पानावर काढून दाखवायचास आणि मी भाजी निवडत हं हं म्हणायची.

पहिलं गाळलेलं पाणी तू आधी चिखलीला तपासून आणलंस. मग एक पेला माझ्यापुढं ठेवलास आणि वरून हात धरून बसलास.

"माळकरी मानूस हायेस वहिनी. इचार करून घे."

"जीव हाये का त्यात?"

"नाही."

"चव?"

"नाही."

"मंग माझ्या माळेचं मी पाह्यतो. तू हात काढ."

मी प्यायले. पाणी पाण्यासारखं होतं. तुला वाटलं असेल, वहिनी मायेनं प्यायली. तसं काही नाही. आपल्या देवघरात शंख आहे. मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासूनचा. रोज त्यानंच मी देवाला पाणी घालते. शंख काय बोरीला लागतो? तोही समुद्रातल्या जिवाचं घरच. देवाच्या अंगावरून जे पाणी चालतं ते माझ्या घशाखालून न चालायला मी देवापेक्षा मोठी नाही.

म्हैस विकल्यापासून गोठा रिकामा होता. तिथं तू वर एक टाकी, खाली एक टाकी, मधे रेती आणि जाळीच्या चौकटीत ते पडदे असं सगळं बसवलंस. मी म्हटलं, भाडं काय देशील?

"रोज एक हंडा पानी."

"तुझी चाळनी थेंब थेंब गळते. हंडा कवा भरन?"

"तू जित्ती हायेस तोवर भरन."

मी जिवंत आहे. हंडा भरतो आहे. हिशेबात तूच चुकलास.

आणि ते निळे कॅन. पडद्याचं पोट शिशानं भरलं की तो आंबट पाण्यात धुवायचा, मग शिसं सुटून त्या पाण्यात उतरतं. ते पाणी तू कॅनमध्ये भरून, झाकण घट्ट लावून, वर लाल रंगाची फुली मारून ठेवायचास. एक झाला, दोन झाले, भिंत अडली.

"विहिरीतलं शिसं काहाडून माझ्या गोठ्यात आनून ठेवलं. हे कायचं शास्त्र बे?"

"चोर गावभर हिंडून राह्यला होता, त्याले एका खोलीत कोंडला. आता न्यायले पोलीस पाह्यजे."

"मंग बोलाव."

"बोलावून राह्यलो. कोनी येत नाही."

ते कॅन अजून तिथंच आहेत. हे तू अर्धवट ठेवलंस आणि ते मला आवडलेलं नाही, एवढं इथं लिहून ठेवते.

आता मुद्द्यावर येते. शेषराव मंदिर समितीचा अध्यक्ष, तुझ्या वर्गातला, तुझ्याबरोबर बोरं चोरून मार खाल्लेला. हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याला यंदा प्रल्हादचं गाळलेलं पाणी घ्यायचं, असं त्यानं स्वतः समितीत ठरवलं. भोळेपणानं ठरवलं. पडदा कशाचा ते त्याला ठाऊक नव्हतं. तू ड्रम भरायला लागलास आणि आदल्या दिवशी मला म्हणालास, माइकवर दोन शब्द बोलणार आहे. मी ओळखलं.

"झिंग्याचं नाव काढू नको उद्या."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? लोकायले पेऊ दे. सालभर पेतीन, सवय होईन, पोरायची पोटं दुखाची थांबतीन, मंग सांग."

"लपवून पाजलं आन मंग त्याईले कळलं, तर हे पानी तर जाईनच वहिनी. उद्या कोनी दुसरा काही चांगलं घेऊन आला, तर त्याचाही शब्द कोनी मानणार नाही."

"आन उद्या सांगतलं तर उद्याच जाईन."

"तर उद्या जाईन."

तू असा. लहानपणी आंघोळीच्या वेळीही असाच दगडासारखा उभा राहायचास.

दुसऱ्या दिवशी तू माइक हातात घेतलास आणि सांगितलंस. शिसं कसं आलं ते सांगितलंस, पडदा कसा चालतो ते सांगितलंस, आणि तो कशापासून केला तेही सांगितलंस. तुझा आवाज स्पीकरवरून सगळ्या शिवारात गेला. मग मागून कोणीतरी म्हणालं, "म्हंजे मारोतीले झिंगे पाजले आज."

मग जे झालं ते झालं. बुंदी तशीच राहिली. वरणाचं पातेलं उचलून नेलं. ड्रम नालीत कलंडवला. कलंडवणाऱ्यांतले काही जण रविवारी चिखलीच्या रस्त्यावरच्या धाब्यावर काय खातात, ते गावातल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. पण ते वेगळं, हे वेगळं. मला राग दुसऱ्याच गोष्टीचा आला. पेल्यात न दिसणारं शिसं तू इतके दिवस ओरडून सांगत होतास, त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. पेल्यात न दिसणारा झिंगा मात्र एका वाक्यात सगळ्यांना दिसला.

मी शेषरावला शंखाचं बोलले. भर देवळापुढं बोलले. तो म्हणाला, "शंख पवित्र असते, गिरजाबाई."

"कवा झाला पवित्र? पान्यात होता तवा, का दुकानात आला तवा?"

"तुमाले पटत नसन तर माळ काहाडून ठेवा मंग."

"माळ म्या घातली शेषराव. समितीनं नाही घातली."

तेव्हापासून शेषराव आपल्या दारी यायचा बंद झाला. तुझा लहानपणचा दोस्त. संध्याकाळी तो देवळाकडं जायच्या वेळी तू ओट्यावरून उठून आत यायचास, ते मी पाहिलं आहे.

त्या दिवशी घरी येताना मी तुला वाटभर बोलले. तू रिकामा ड्रम लोटत चालला होतास. शेवटी म्हणालास, "पानी वतून देता येते वहिनी. ऐकलेलं नाही वतता येत."

"लय शायना," मी म्हटलं. त्यावर आपण दोन दिवस बोललो नाही. मग मीठ कुठं आहे म्हणून तू विचारलंस आणि मी सांगितलं.

दुसरं भांडण बाळूच्या पोराचं. बाळू आपल्या शेजारचा, त्याचं पोरगं पोट दुखतं म्हणून शाळेतून उठून घरी येतं. याच्याहून लहान पोरांना अक्षरं आली, याला येत नाहीत. बाळूची बायको, शोभा, एकदा तुला अंगणात गाठून म्हणाली, "काका, हे शिशानं व्हय का?" तिच्या तोंडाकडं मी बघत होते. तू हो म्हटलं असतंस तर तिनं त्याच दिवशी हंडा आणला असता आणि तिच्यामागं सगळी गल्ली आली असती.

तू म्हणालास, "असू शकते. रक्त तपासल्याबिगर सांगता येत नाही."

ती निघून गेली. मी कपाळाला हात लावला. "हो म्हनाले काय जीभ झडत होती?"

"मले माहीत नाही वहिनी. मंग हो कसा म्हनू?"

तुझं ते "असू शकते". त्या एका शब्दानं तू माझा जेवढा जीव घेतलास तेवढा सासूनं घेतला नाही. मोठ्या मोठ्या पदव्या घेतलेला माणूस, आणि छातीवर हात ठेवून एक गोष्ट ठामपणे सांगत नाही. गावात जो उठतो तो ठाम बोलतो. बाबा बोलतो, पुढारी बोलतो, औषधाच्या गाडीवाला बोलतो. तू एकटा "असू शकते" म्हणत फिरायचास आणि लोक तुझ्याकडं पाठ करायचे. तरी तू पडदे करत राहिलास. पिणारे आपण दोघं. कधी पाहुणा आला तर त्याला आधी सांगून. मी तुला म्हटलं होतं, एवढा राबतोस कोणासाठी? तू म्हणालास, तुझ्या भाड्यासाठी.

मग त्या सकाळी वांग्याच्या वाफ्याशी बसलास आणि उठला नाहीस. मी हाक मारली. रागानंच मारली, कारण चहा थंड होत होता. याच्यावर मी जास्त लिहिणार नाही.

भेटायला येणाऱ्या बाया पदर डोळ्याला लावून म्हणायच्या, बिचारा, जन्मभर खपला आणि हाती काही लागलं नाही. तिसरीनं की चौथीनं तेच म्हटलं तेव्हा मी तिला हाताला धरून गोठ्यात नेलं आणि लाल फुलीचे कॅन दाखवले. "हे लागलं हाती," मी म्हटलं. "हे माह्या पोटात जात होतं. तुया पोटात जाऊनच राह्यलं." ती घरी गेली. त्यानंतर हाती काही लागलं नाही असं माझ्यासमोर कोणी म्हणालं नाही.

सुनंदा अकोल्याहून आली होती. तेरवीचं ठरवायला बसलो तेव्हा मी सांगितलं, स्वयंपाक तुझ्या पाण्यातच होईल. पोरगी रडायची थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली.

"मोठी माय, नको ना. लोक पंगतीतून उठून गेले तर? बाबांची तेरवी आहे."

"उठतीन तर उठतीन."

"मग निदान सांगू नको. गुपचूप कर. तूच तर म्हणायचीस बाबांना, सांगू नका म्हणून."

बरोबर पकडलं पोरीनं. तुझीच आहे. मी तिला उत्तर दिलं ते तुला सांगते. पंगत माझी असती तर मी गप्प बसले असते आणि सगळ्या गावाला जेवू घातलं असतं. पण पंगत तुझी होती. तुझ्या पंगतीत तुझ्या मनाविरुद्ध वाढलं, तर ते जेवण तुला पोचणार नाही. मला हे पटतं म्हणून नाही. तुझ्या घरात तुझा कायदा, एवढंच.

तुझ्या कपाटात तयार पडदे कागदात गुंडाळून ठेवलेले होते. तुझ्या कॉलेजात आता शिकवतात त्या मॅडमनी येऊन ते चौकटीत बसवून दिले, पाण्याचा नमुना नेला आणि पडदे नीट चालताहेत असा निरोप पाठवला. मला नुसतं बघून ते कळत नाही. तुलाही कळत नव्हतं, म्हणून तर चिखलीच्या खेपा. तेरवीपर्यंत चाळणी एकसारखी गळत होती आणि सुनंदा ड्रमवर झाकणं लावत होती. रडणं आलं की ती गोठ्यात जायची, तिथं थेंबांचा आवाज यायचा, आणि परत यायची.

आचाऱ्याला पाणी दाखवलं तेव्हा त्याचा झारा हातात तसाच राहिला. "बाई, माझं नाव खराब होईन."

"तुझं कायचं? पानी माझं, नाव माझं."

त्यानं स्वयंपाक कबूल केला आणि संध्याकाळपर्यंत गावभर करून टाकलं. म्हणून ते तांबे आले. लोकांना तेरवीला यायचं होतं, तुझ्यासाठी यायचं होतं, आणि झिंग्याचं पाणी प्यायचं नव्हतं. त्यांनी आपापल्या डोक्यानं वाट काढली. जेवण तुझं, पाणी आपलं. वरण कशानं पातळ होतं आणि भात कशात शिजतो, याचा विचार करायचा नाही असं सगळ्या गावानं न बोलता ठरवलं होतं.

मी त्यांना तेवढीही सवलत दिली नाही. पत्रावळी मांडल्या, वाढपी उभे राहिले, तेव्हा मी पंगतीच्या मधे गेले. माइक नव्हता. मला लागत नाही.

"ऐका. हा सैपाक प्रल्हादच्या पान्यात झाला. वरन, भात, भाजी, कनिकसुद्धा त्यातच भिजवली. पडदा झिंग्याच्या कवचाचा हाये. ज्याले जेवाचं नसन त्यानं आताच उठावं. मले वाईट वाटन, पन मी अडवनार नाही."

सुनंदा खांबाला धरून उभी होती. काही जण उठले. मी त्यांच्याकडं नीट बघून घेतलं, त्यांनीही माझ्याकडं बघितलं. बाकीचे बसून राहिले आणि मान वळवून एकाच दिशेला बघायला लागले. तिथं शेषराव बसला होता. तो आला तेव्हाच मला नवल वाटलं होतं. हातात झाकणाचा पितळी तांब्या. डोळे लाल. तांब्याचं झाकण तो काढायचा आणि परत लावायचा. काढायचा आणि लावायचा.

मी वाढप्याच्या हातातून वरणाची बादली घेतली आणि त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"शेषराव, वरन कशात शिजते?"

"तुरीच्या दाळीत," तो मान वर न करता म्हणाला. "वाढा गिरजाबाई."

मी वाढलं. त्यानं कालवलं, पहिला घास घेतला, आणि पंगत जेवायला लागली. मधेच तो म्हणाला, "बोरं चोरली तवाबी यानंच कबूल केलं होतं. आमी दोघंबी मार खाल्ला." शेजारचे हसले. मग त्यानं वरण दुसऱ्यांदा मागून घेतलं आणि वरून आपल्या तांब्यातलं पाणी प्यायला. नळाचं पाणी, पल्ल्या. घरून शिसं घेऊन आलेला माणूस तुझं वरण मागून मागून खात होता. मला त्याची दाढी धरून हलवावीशी वाटली, आणि आणखी एक डाव वाढावासाही वाटला. मी वाढला.

म्हणून गाव सुधारलं असं समजू नको. दुसऱ्या दिवशी शेषराव आपल्या ओट्यावर येऊन बसला, तुझ्या जागेवर नाही, पायरीवर. चहा घेतला का विचारलं तर म्हणाला, घरून पिऊन आलो. जे उठून गेले त्यांच्या बाया मला विहिरीवर टाळतात. आणि कॅन न्यायला अजून कोणी आलेलं नाही. मॅडमनी कुठंतरी अर्ज दिला आहे म्हणे. मी सांगितलं, कोणी आलं नाही तर हे कॅन जीपमध्ये टाकून ज्या हापिसातून माणूस यायला पाहिजे त्या हापिसाच्या दारात नेऊन बसेन. सांडू देणार नाही आणि तिथून उठणारही नाही. मॅडम घाबरल्या. घाबरू देत. त्यांच्यामार्फत ते हापिसापर्यंत जाईल.

तुझे पडदे कायमचे पुरणार नाहीत. म्हणून सुनंदाला सुट्टी वाढवायला लावली आणि तुझ्याच काचेवर आम्ही दोघींनी नवा पडदा ओतला. मॅडमनी भुकटी आणि बाकीचं मोजून दिलं, गंधकाचं काम त्या कॉलेजातच करणार आहेत. आमचा पहिला पडदा बुडबुड्यांनी भरला आणि सोडवताना मधोमध फाटला. सुनंदा तोंड पाडून बसली. मी म्हटलं, तुझ्या बापाचे किती फाटले ते मी पाहिलेत, ऊठ. दुसरा सावलीत वाळतो आहे. चालेल की नाही, ते चिखलीहून कळेल.

आणि आज सकाळी शोभा आली. डोक्यावर चुंबळ, कमरेवर हंडा, पोरगं मागं लुगडं धरून. गोठ्याच्या दारात उभी राहिली.

"मोठी माय, झिंग्याचं पानी हाये का?"

मी तिच्याकडं बघितलं. "झिंग्याचंच हाये. समजून नेजो."

"समजूनच आली मी. मंग का बिनसमजता हंडा घासला?"

मी तोटी सोडली. हंडा भरायला वेळ लागतो, ते तुला माहीत आहे. ती उंबऱ्यावर बसली. पोरगं कॅनवरच्या लाल फुल्या बघत होतं, त्याला मी हात लावू दिला नाही. हंडा भरला तशी तिनं तो डोक्यावर घेतला आणि मागच्या बोळीनं न जाता देवळापुढच्या रस्त्यानं गेली. शेषराव पारावर होता. त्यानं बघितलं.

एक हंडा गेला, प्रल्हाद. गावात घरं किती आणि हंडा एक. तू जिंकलास असं समजून तिकडं मिशीला पीळ देत बसू नको. माझं म्हणणं आजही तेच आहे. तू गप्प बसला असतास, वर्षभर नुसतं पाणी पाजलं असतंस, तर आज या गोठ्यापुढं रांग लागली असती आणि ती रांग तू बघितली असतीस. तुझं म्हणणं मला पाठ आहे. की तशा रांगेतल्या बाईनं हंडा देवळापुढून नेला नसता.

असू शकतं.